बुटके फ्लँज नट आणि अडचणीची जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नट बसवायला जागा कमी पडली की सगळ्यांना बुटका फ्लँज नट आठवतो. त्याबद्दल येणारे प्रश्न बरेचसे तेच ते असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढे पुढे अपवाद येतात. उदाहरणं बहुतेक एम८ मापाची, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या बोल्टाच्या नटाची, घेतली आहेत. एकच माप धरलं की आकड्यांची तुलना करता येते.

१. फ्लँज नट म्हणजे काय, आणि 'लो-प्रोफाइल' म्हणजे त्यात नेमकं काय कमी असतं?

फ्लँज नट म्हणजे षटकोनी नटाच्या बुडाला वॉशरसारखी रुंद गोल कड. ती नटाच्याच धातूची आणि नटाशी एकसंध असते. लो-प्रोफाइल, म्हणजे या पानावर ज्याला आपण बुटका म्हणणार आहोत त्यात, उंची कमी असते. उंची कमी म्हणजे आटेही कमी. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. नाव वाचून वाटतं की फक्त आकार सुटसुटीत केलाय. प्रत्यक्षात बोल्टाला धरून ठेवणारा भागच कापलेला असतो.

पूर्ण उंचीच्या फ्लँज नटाची मापं आयएसओ ४१६१ आणि डीआयएन ६९२३ या मानकांत ठरलेली आहेत. बुटके नट मात्र बहुधा उत्पादकाच्या स्वतःच्या ड्रॉइंगनुसार येतात. त्यामुळे 'एम८ बुटका फ्लँज' एवढंच लिहून ऑर्डर देऊ नका. एकूण उंची, फ्लँजचा व्यास, पान्याचं माप आणि प्रॉपर्टी क्लास (नटाच्या ताकदीचा आकडा, प्र. ४) या चारही गोष्टी लिहून घ्या.

२. नट आणि वॉशर काढून त्याजागी नेहमीचा फ्लँज नट लावला तर किती उंची वाचते?

वाटते त्यापेक्षा खूप कमी. नेहमीचा फ्लँज नट साध्या नटापेक्षा उंच असतो. मापं मिलिमीटरमध्ये अशी:

| माप | साधा नट | साधा नट + वॉशर | फ्लँज नट | फ्लँजचा जास्तीत जास्त व्यास | पातळ नट |
|---|---|---|---|---|---|
| एम५ | ४.७ | ५.७ | ५ | ११.८ | २.७ |
| एम६ | ५.२ | ६.८ | ६ | १४.२ | ३.२ |
| एम८ | ६.८ | ८.४ | ८ | १७.९ | ४ |
| एम१० | ८.४ | १०.४ | १० | २१.८ | ५ |
| एम१२ | १०.८ | १३.३ | १२ | २६ | ६ |

एम८ मध्ये वाचले किती, तर ०.४ मिमी. तेवढ्यासाठी कोणी नट बदलू नये. फ्लँज नटाचे खरे फायदे वेगळे आहेत (प्र. ५ आणि प्र. १४). उंचीच कमी करायची असेल तर बुटक्याकडे जावं लागतं, आणि मग हिशेब करावा लागतो.

३. चेकनट म्हणून मिळणारा पातळ नट आणि खाली वॉशर, हे स्वस्तात होतं. मग बुटका फ्लँज नट कशाला?

एम८ चा पातळ नट ४ मिमी, वॉशर १.६ मिमी, मिळून ५.६. आता समजा, तुम्हाला ५.५ मिमी उंचीचा बुटका फ्लँज नट मिळाला. दोन्हींनी जागा जवळजवळ सारखीच खाल्ली. पण वॉशरच्या १.६ मिमीमध्ये एकही आटा नाही, तर फ्लँज नटात आटे फ्लँजच्या आतूनही जातात. एम८ चा पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी. पातळ नटात साधारण ३.२ आटे बसतात, बुटक्या फ्लँज नटात ४.४. दोन्हींतून तोंडाचा उतार वजा करायचा, पण तो दोघांनाही लागू आहे.

दुसरी गोष्ट: ताण आला की नटाचं बूड बाहेरच्या बाजूला फाकू पाहतं, कारण आट्यांचा उतार पाचरीसारखा काम करतो. सर्वांत जास्त भार बुडाकडच्या पहिल्या आट्यावर येतो, ढोबळमानाने एकूण भाराचा एक तृतीयांश. फ्लँजची कड नेमक्या तिथेच कड्यासारखी आवळून धरते. म्हणजे जागा तेवढीच मिळणार असेल तर ती फ्लँज नटाला द्या. त्यातला प्रत्येक मिलिमीटर कामाला येतो.

४. बुटका नट पूर्ण नटाच्या तुलनेत किती ताण झेलतो?

नटावरचा प्रॉपर्टी क्लास बघा. पूर्ण उंचीच्या नटावर ८ किंवा १० असा आकडा असतो. पातळ नटावर ०४ किंवा ०५ असतो. पुढचं शून्य म्हणजे सूचना आहे: हा नट बोल्टाची पूर्ण ताकद वापरू देणार नाही. आयएसओ ८९८ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे एम८ चा प्रूफ भार, म्हणजे आटे न बिघडता झेलता येणारा भार, असा:

क्लास ८ चा पूर्ण नट ३१.८ किलोन्यूटन, क्लास ०५ चा पातळ नट १८.३, आणि क्लास ०४ चा १३.९.

शेजारी ८.८ ग्रेडच्या (बोल्टाच्या ताकदीची श्रेणी, आकडा मोठा तर बोल्ट दणकट) एम८ बोल्टाचा प्रूफ भार ठेवा, तो आहे २१.२ किलोन्यूटन. पूर्ण नट बोल्टापेक्षा दणकट आहे, पातळ नट बोल्टापेक्षा कमकुवत. म्हणून बुटक्या नटासोबत १०.९ किंवा १२.९ चा बोल्ट लावून काहीही साधत नाही. जोडणीची ताकद नटावर ठरणार.

'आटे तुटले काय, बोल्ट तुटला काय, दोन्ही सारखंच' असंही काही जण लिहितात. सारखं नाही. बोल्ट तुटला तर आवाज होतो, हातात तुकडा येतो, कळतं. आटे ओढले गेले तर नट जागेवरच दिसतो. मी स्वतः एकदा एका मोटरच्या ब्रॅकेटवर ०४ क्लासचे नट नेहमीच्या तक्त्यातल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळले. टॉर्क रेंचने टिक केलं, खुणेचा रंगही लावला. दुसऱ्या दिवशी त्यातला एक नट बोटांनी गोल गोल फिरत होता, रंगाच्या खुणेसकट.

५. फ्लँजमुळे पकड वाढते म्हणतात. ती कशी?

पकड म्हणजे बोल्टातला ताण असेल तर तो फ्लँजमुळे वाढत नाही, उलट त्याच टॉर्कला थोडा कमी होतो (प्र. ६). वाढतं ते टेकण्याचं क्षेत्रफळ. ९ मिमीच्या भोकावर एम८ चा साधा नट सुमारे ४२ चौरस मिमीवर टेकतो, पूर्ण मापाची फ्लँज सुमारे १३२ वर. तिप्पट. बोल्टात १५ किलोन्यूटन ताण असेल तर साध्या नटाखाली साडेतीनशे न्यूटन प्रति चौरस मिमीच्या वर दाब येतो, फ्लँजखाली सव्वाशेच्याही आत.

अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, प्लास्टिक किंवा जाड रंगाचा थर असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. साधा नट हळूहळू पृष्ठभागात रुतत जातो आणि ताण उतरतो. पोलादावर पोलाद असेल तर फरक कमी जाणवतो. बुटक्या नटाची फ्लँज काही उत्पादक लहानही ठेवतात, म्हणून व्हर्नियरने मोजून बघा. वरचे आकडे त्या नटाला जसेच्या तसे लावू नका.

६. टॉर्क किती द्यायचा? तक्त्यातला चालेल का?

बोल्टाच्या ग्रेडचा तक्ता इथे चालत नाही, आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण घर्षण. आपण लावलेल्या टॉर्कपैकी निम्म्याच्या आसपास नटाच्या बुडाखालीच खर्च होतो, बराचसा आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. फ्लँज रुंद असल्याने बुडाखालचं घर्षण मध्यापासून लांब होतं आणि जास्त टॉर्क खातं. घर्षणांक ०.१४ धरला तर २५ न्यूटन-मीटरला साध्या नटाने सुमारे १६.६ किलोन्यूटन ताण येतो, फ्लँज नटाने सुमारे १५.१. दहा टक्क्यांच्या आसपास कमी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. १५.१ हा आकडा ०४ क्लासच्या १३.९ च्या वर आहे. म्हणजे ८.८ बोल्टासाठी अगदी सर्रास वापरला जाणारा २५ न्यूटन-मीटर टॉर्क ०४ च्या बुटक्या नटाचे आटे ओढू शकतो. वर सांगितलेला माझा प्रताप नेमका हाच.

मी असं करतो: नटाच्या प्रूफ भाराचे ७० टक्के हे लक्ष्य धरतो. ०४ साठी ते ९.७ किलोन्यूटन होतं, त्याला साधारण १६ न्यूटन-मीटर लागतात. ०५ साठी १२.८ किलोन्यूटन, सुमारे २१ न्यूटन-मीटर. सत्तरच का, तर टॉर्क रेंचने आवळताना प्रत्यक्ष ताण २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होतो. ९.७ वर ३० टक्के चढले तरी १२.६ होतात, १३.९ च्या आत. हे आकडे कोरड्या, जस्ताच्या मुलाम्याच्या साध्या नटाचे आहेत. तेल, ग्रीस किंवा मेणाचा थर असेल तर घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला ताण चढतो. उत्पादकाने स्वतःचा टॉर्क दिला असेल तर तोच अंतिम.

७. दातेरी फ्लँज घ्यावी की सपाट?

दातेरी फ्लँजचे दात उतरत्या बाजूचे असतात. आवळताना सरकतात, सोडताना रुततात. पृष्ठभाग नटापेक्षा मऊ असेल तरच हे चालतं. कठीण केलेल्या पोलादावर दात नुसते घासतात. रंगावर, ॲनोडाइझ केलेल्या भागावर किंवा पातळ मुलाम्यावर ते ओरखडे काढतात आणि तिथून गंज धरतो. विजेची अर्थ जोडणी करायची असेल तर रंग फोडणं सोयीचंही ठरतं, पण मग वरून गंजरोधक लावायचा.

वारंवार उघडायची जागा असेल तर मी सपाटच घेतो. दर वेळी नवे ओरखडे पडतात आणि पाचव्या-सहाव्या वेळी दातांना धरायला ताजा पृष्ठभागच उरत नाही. शिवाय दातांमुळे बुडाचं घर्षण वाढतं, म्हणून प्र. ६ मधले टॉर्कचे आकडे दातेरी नटाला लागू नाहीत.

दातेरी नटाखाली वॉशर कधीच घालू नका. दात वॉशरला धरतात आणि वॉशर खालून फिरतो.

८. खाली स्प्रिंग वॉशर घातला तर सैल होणार नाही ना?

घालू नका. उंची वाचवायला बुटका नट घेतला आणि ती उंची स्प्रिंग वॉशरला दिली, असं होतं. शिवाय उपयोगही नाही. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट सैल होण्याचं मुख्य कारण आडवी थरथर आहे, म्हणजे जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकणं. त्यांच्या चाचणीच्या धर्तीवर तपासलं की साधा स्प्रिंग वॉशर फारसं काही अडवत नाही हे दिसतं. तो पूर्ण चपटा होतो, मग तो नुसता एक फाटका वॉशर असतो. भाग सरकूच नयेत एवढा ताण देणं, हा खरा उपाय. बुटक्या नटाने ताणावर मर्यादा येते, म्हणून आडवा भार जास्त असेल तर डॉवेल पिनेने (दोन्ही भागांत घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत खिळीने) तो वेगळा झेला.

९. नायलॉक प्रकारचा बुटका फ्लँज नट मिळतो. तो सुरक्षित नाही का?

नायलॉनची कडी वरच्या बाजूला बसते आणि तीही उंची खाते. तेवढ्या उंचीत लोखंडी आटे नसतात. एकूण ६ मिमी उंचीचा नायलॉक घेतला तर त्यातले धातूचे आटे किती, ते विचारा. अंदाज यावा म्हणून सांगतो, डीआयएन ९८५ हा नायलॉक 'पातळ' गणला जातो आणि तरी एम८ ला त्याची उंची ८ मिमी आहे.

नायलॉन साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत ठीक असतो. इंजिन, एक्झॉस्ट, ब्रेकजवळ पूर्ण धातूचा सेल्फ-लॉकिंग नट घ्या, ज्याचे वरचे आटे मुद्दाम किंचित चेपलेले असतात. दोन्ही प्रकारांत फिरवतानाच काही टॉर्क खर्च होतो. तो मोजून लक्ष्याच्या टॉर्कमध्ये मिळवायचा. आणि हे नट सैल झाले तरी निघून पडत नाहीत, एवढीच त्यांची खात्री आहे. ताण टिकवण्याची हमी ते देत नाहीत.

१०. पाना नीट बसत नाही, सारखा निसटतो. नट खराब आहे का?

बहुधा नट ठीक असतो, सॉकेट चुकीचं असतं. बुटक्या फ्लँज नटात फ्लँजच्या वर षटकोन उरतो जेमतेम ३ मिमीचा. नेहमीच्या सॉकेटच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, नट चटकन शिरावा म्हणून. तो उतारच दीड-दोन मिमी असेल तर पकडायला उरलं काय? एक जुनं सॉकेट घ्या आणि तोंड ग्राइंडरवर सपाट करा, उतार जाईपर्यंत, मध्ये मध्ये पाण्यात बुडवत. बारा कोनांचं सॉकेट टाळा, सहा कोनांचंच वापरा. उघड्या तोंडाचा पाना शेवटचा पर्याय.

पान्याचं मापही तपासा. एम१० साठी नटाच्या मानकानुसार १४, १५, १६ किंवा १७ चा पाना लागू शकतो. १५ च्या नटावर १६ चा पाना बसल्यासारखा वाटतो, आणि मग कोपरे गोल होतात.

हात शिरत नसेल तिथे नट सॉकेटमध्ये ठेवून थोडं घट्ट ग्रीस लावा, उलटा धरला तरी पडत नाही. ग्रीस आट्यांवर किंवा फ्लँजखाली मात्र जाऊ देऊ नका, कारण प्र. ६ मध्ये आलंच आहे.

११. टॉर्क रेंच सरळ पोचत नाही, क्रो-फूट लावून आवळतो. आकडा बदलावा लागतो का?

क्रो-फूट म्हणजे टॉर्क रेंचच्या टोकाला लावायचं उघड्या तोंडाच्या पान्याचं डोकं. ते रेंचच्या दांड्याशी काटकोनात लावलं तर नाही. सरळ रेषेत पुढे लावला तर हो. हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक क्रो-फूटची लांबी. रेंच मुठीच्या मध्यापासून चौकोनी टोकापर्यंत ३०० मिमी, क्रो-फूट ४० मिमी, हवेत २० न्यूटन-मीटर, तर रेंच १७.६ वर लावायचा. बुटक्या नटाला हे चुकवणं परवडत नाही, कारण वरची मर्यादा जवळ असते.

१२. नट धरून बोल्टच फिरवला तर चालेल?

चालतं, आणि अडचणीच्या जागी तेच सोपं पडतं. मात्र मग घर्षण बोल्टाच्या डोक्याखाली होतं, फ्लँजखाली नाही. टॉर्कचा हिशेब डोक्याच्या व्यासावरून करा. डोकं साधं असेल तर त्याच टॉर्कला जास्त ताण येईल, म्हणजे बुटक्या नटाला धोका जास्त. दातेरी फ्लँज इथे नट धरून ठेवायला मदत करते.

१३. फ्लँज शेजारच्या भिंतीला किंवा वेल्डला अडते. कड घासून टाकू का?

भिंतीला अडत असेल आणि सपाट बाजूने एखादा मिलिमीटर घासायचा असेल तर नट आवळून झाल्यावर कुठल्या दिशेला थांबेल ते सांगता येत नाही, म्हणून घासलेली बाजू भिंतीकडे येईलच असं नाही. नट स्थिर ठेवून बोल्ट फिरवणार असाल (प्र. १२) तरच हे जमतं.

वेल्डच्या फुगवट्यावर किंवा वाकवलेल्या पत्र्याच्या गोलाईवर फ्लँजची एक कड चढत असेल तर ते जास्त गंभीर आहे. नट तिरका बसतो, बोल्ट वाकतो आणि सगळा भार दोन-तीन आट्यांच्या एका बाजूवर येतो. पूर्ण नट हे थोडंफार सहन करतो, बुटका करत नाही. अशा ठिकाणी लहान फ्लँजचा नट घ्या, नाहीतर वेल्ड घासून जागा सपाट करा. फ्लँज घासण्यापेक्षा जागा घासणं बरं.

१४. पातळ पत्र्यांची जोडणी आहे, आवळलं तरी काही दिवसांत ढिली होते. नट बदलून फरक पडेल?

थोडा पडेल, पण दुखणं बहुधा बोल्टाच्या आखूडपणात आहे. ताणलेला बोल्ट ही स्प्रिंग असते. एम८ चा बोल्ट फक्त १० मिमी जाडी आवळत असेल तर १५ किलोन्यूटन ताणाला तो लांबतो सुमारे ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. रंग, खडबडीतपणा, वॉशरखालची धूळ हे सगळं मिळून ५ मायक्रॉन दबलं तरी जवळपास पाव ताण गेला. लांब बोल्टात तेच ५ मायक्रॉन जाणवतही नाहीत.

इथे फ्लँज नट खरोखर कामाला येतो. नट आणि वॉशर यांच्यामधला एक सांधा कमी होतो आणि दाब पसरतो, म्हणजे दबणं घटतं. दुसरा उपाय, जागा असेल त्या बाजूला, म्हणजे बोल्टाच्या डोक्याखाली, जाड स्पेसर घालून बोल्ट लांब करा. नटाच्या बाजूला जागा नाही म्हणून डोक्याच्या बाजूलाही कंजुषी करायची गरज नसते. तिसरा, रंग नटाखाली लागू देऊ नका.

१५. बोल्ट नटाबाहेर किती यायला हवा?

निदान एक पूर्ण आटा, शक्य असेल तर दोन. बोल्टाच्या टोकाचा पहिला आटा उतारामुळे अर्धवट असतो. टोक नटाच्या तोंडाशी बरोबर सपाट ठेवलं तर तो अर्धवट आटा नटाच्या आत राहतो, आणि चारच आटे असलेल्या नटात एक वाया घालवणं ही चैन आहे. जागा मोजताना नटाच्या उंचीत हे दीड-दोन मिमी मिळवायला विसरू नका. अनेक जण नट बसतो म्हणून खूश होतात आणि बोल्टाचं टोक समोरच्या झाकणाला टेकतं.

१६. लांबट भोकावर फ्लँज नट वॉशरशिवाय चालेल?

साध्या नटापेक्षा कितीतरी बरा चालेल. ९ मिमी रुंदीच्या लांब खाचेवर एम८ चा साधा नट टेकतो अवघ्या १३ चौरस मिमीवर. पूर्ण मापाची फ्लँज सुमारे ६२ वर. तरीही बुटक्या नटाची फ्लँज पातळ असते आणि खाचेवर ती आत झुकू शकते. भार महत्त्वाचा असेल तर खाचेवर जाड पट्टी घाला, उंची जाईल तर जाऊ दे. पट्टीला जागाच नसेल तर जुळवणी झाल्यावर पिन मारून जागा पक्की करा.

१७. फाइन आट्यांचा बुटका नट घेतला तर आटे जास्त बसतील. ताकद वाढेल ना?

आटे जास्त बसतील, पण प्रत्येक आटा लहान असेल. आटे ओढले जाण्याविरुद्धची ताकद प्रामुख्याने किती मिलिमीटर आटे गुंतले आहेत त्यावर ठरते, त्यांच्या संख्येवर नाही. एम८ मध्ये पीच १ घेतला तर बोल्टाचा ताण झेलणारा छेद ३६.६ वरून ३९.२ चौरस मिमी होतो, हा फायदा बोल्टाला मिळतो, नटाला नाही. शिवाय फाइन आटे घाण आणि ठोकर कमी सहन करतात. आवळताना बारीक नियंत्रण मिळतं, एवढ्यासाठी घ्यायचे तर घ्या.

१८. स्टेनलेसचे बुटके नट अर्ध्यावर जाम होतात. काय करावं?

त्याला आटे चिकटणं म्हणतात. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की वरचा थर फाटतो आणि धातू धातूला वेल्ड झाल्यासारखा चिकटतो. इम्पॅक्ट रेंच वापरू नका, हाताने हळू फिरवा, मॉलिब्डेनमयुक्त किंवा निकेलयुक्त अँटी-सीझ लावा आणि टॉर्क त्या प्रमाणात उतरवा. आटे चिकटायला लागल्याची जाणीव झाली की जोर न लावता मागे फिरवा.

स्टेनलेसच्या पातळ नटांवर ए२-०३५ किंवा ए४-०४० अशा खुणा असतात. ०३५ चा अर्थ ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे एम८ ला सुमारे १२.८ किलोन्यूटन. ०४ च्या पोलादी नटाहूनही कमी.

१९. गरम जस्तात बुडवलेला बुटका नट चालेल?

मी वापरत नाही. बोल्टावर जस्ताचा जाड थर चढतो, त्याला जागा हवी म्हणून नटाचे आटे मुद्दाम मोठे कापतात. त्यामुळे नटाचे आणि बोल्टाचे आटे एकमेकांत कमी गुंततात. पूर्ण नटात उंची असल्याने ते भरून निघतं, बुटक्यात आधीच उंची नाही. बाहेर उघड्यावरच्या कामाला झिंक-फ्लेक मुलामा बघा, त्याचा थर पातळ असतो.

२०. दोन बुटके नट एकावर एक लावले तर एका पूर्ण नटाचं काम होईल?

नाही. भार दोघांत वाटला जात नाही. आणि दोन नटांना उंची असेल तर एक पूर्ण नटच लावा. चेकनट म्हणून लावायचा असेल तर पातळ नट खाली, भागाला लागून, आणि पूर्ण नट वर. वरचा नट आवळला की बोल्टाचा भार वरच्या नटावर जातो, म्हणून दणकट नट वर हवा. हे उलटं लावलेलं जागोजागी दिसतं.

२१. नेहमीचा फ्लँज नट लेथवर उतरवून बुटका केला तर?

नमुना बनवताना चालेल. वरच्या षटकोनी बाजूने उतरवा, फ्लँजच्या बाजूने नाही. आटे असलेल्या मँड्रेलवर (लेथमध्ये धरायच्या दांड्यावर) धरा म्हणजे कापलेली बाजू आट्यांशी काटकोनात राहील, शेवटी आट्याची फुरी (कापताना राहिलेली धारदार कड) काढा. ग्राइंडरवर लाल होईपर्यंत घासलेला नट टाकून द्या. वरचा ८ किंवा १० चा आकडा आता खोटा झाला, तो घासून टाका आणि नट ०४ समजून वापरा. मुलामा गेल्याने गंज धरेल.

२२. विमानात तर सगळे नट बुटकेच असतात. ते कसे टिकतात?

चांगला प्रश्न. एमएस २१०४२ या अमेरिकी लष्करी मानकाचा सेल्फ-लॉकिंग नट कमी उंचीचा, लहान षटकोनाचा आणि बुडाला गोल कड असलेलाच आहे, आणि तो २३२ अंश सेल्सिअसपर्यंत वापरायला मान्य आहे. फरक धातूत आणि उष्णता-प्रक्रियेत आहे. कमी आटे, पण प्रत्येक आटा जास्त मजबूत. म्हणून बुटका म्हणजे कमकुवत असं सरसकट म्हणता येत नाही. पण तशी ताकद कागदावर लिहून मिळते. दिसायला तसाच असलेला, कागद नसलेला नट त्या जागी लावू नका.

२३. गाडीच्या चाकाला लावू का?

नको. बहुतेक मोटारींच्या चाकाची भोकं शंकूच्या किंवा गोलाच्या आकाराची असतात, नट त्यात बसून चाक मध्यावर आणतो. सपाट फ्लँज तिथे फक्त कडेवर टेकते. सपाट बैठकीच्या चाकांना त्यांचे ठरलेले नट येतात.

२४. बुटका नट टाळायचाच असेल तर जागा कशी काढायची?

पहिल्यांदा बोल्ट उलटा करून बघा: डोकं अडचणीच्या बाजूला, पूर्ण नट मोकळ्या बाजूला. कमी उंचीच्या डोक्याचे बोल्ट मिळतात. त्यांनाही मर्यादा आहे, पण त्यांचा ताण मोजलेला आणि छापलेला असतो. दुसरं, त्या बाजूच्या प्लेटलाच आटे पाडा किंवा तिला वेल्ड नट किंवा क्लिंच नट (पत्र्यात दाबून बसणारा) बसवा.

तिसरा मार्ग लोकांना पटकन सुचत नाही: एक माप खाली उतरा आणि ग्रेड वाढवा. १०.९ ग्रेडच्या एम६ बोल्टाचा प्रूफ भार १६.७ किलोन्यूटन आहे, आणि क्लास १० चा पूर्ण फ्लँज नट त्याला फक्त ६ मिमी उंची घेतो. एम८ च्या ०४ बुटक्या नटाचे १३.९ यापुढे कमीच. फ्लँजही १७.९ वरून १४.२ मिमीवर येते, म्हणजे प्र. १३ ची अडचणही सुटते. भोक आधीच ९ मिमीचं असेल तर मात्र बुश घालावा लागेल.

२५. माझ्याकडच्या नटावर काहीच खूण नाही. कसं ओळखू?

खूण नसेल तर ०४ धरा, स्टेनलेस असेल तर ०३५. त्याहून जास्त हवं असेल तर नट फोडून बघा. त्याच खोक्यातले पाच नट घ्या, १०.९ चे नवे बोल्ट, आणि प्रत्यक्ष कामात आहे तेवढ्याच जाडीचा, तसाच पृष्ठभाग असलेला तुकडा. टॉर्क रेंचने हळूहळू वाढवत आटे ओढले जाईपर्यंत आवळा, डोळ्यांवर चष्मा घालून. पाचांतला सर्वांत कमी आकडा घ्या आणि कामाचा टॉर्क त्याच्या निम्म्यावर ठेवा. पाच आकड्यांत फार तफावत असेल, म्हणजे एक २२ ला गेला आणि एक ३५ ला, तर ते खोकं जोडणीच्या कामाला नको, झाकणं आणि नावाच्या पट्ट्या बसवायला ठेवा.